लेटरपॅडला शून्य

तीन वर्षांपूर्वी, जुलैच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी साडेचार वाजता, यवतमाळच्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर ग्रामविकास विभागाच्या प्रमुखांनी प्रवेशप्रक्रियेतील चुकीबद्दल लेखी तक्रार दाखल केली. तक्रारदार ते स्वतः होते. तक्रार ज्यांच्याविरुद्ध होती, तेही ते स्वतःच होते. दोन्ही रकान्यांत एकच नाव पाहून आवक लिपिकाने कागद परत केला. सरांनी तो पुन्हा खिडकीतून आत सरकवला आणि पोच मिळेपर्यंत तिथून हलले नाहीत.

विभागात नुसते ‘सर’ म्हटले की तेच. इतरांना सर म्हणताना आधी आडनाव लागे. मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत बातमीदार होतो आणि आठवड्यातून दोन दिवस त्या विभागात अहवाललेखनाचा तास घेत होतो. प्रवेश समितीत एक माणूस पूर्णवेळ मास्तरकी न करणारा हवा, असे सरांचे मत होते, म्हणून मला घेतले. तिसऱ्या सदस्य संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम होत्या. पुढे जे झाले ते ज्या कागदामुळे, त्यावर तिघांच्या सह्या आहेत.

सर नेरचे. रोज एसटीने यवतमाळला येत आणि एसटीनेच परत जात. घरी मोटारसायकल होती. ती ते वापरत नसत. गाडीत कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसत. कोणत्या फाट्यावर कोण चढते, कोण पास दाखवताना कुरकुरते, म्हाताऱ्यांना कोण जागा देते, हे ते कंडक्टरांना विचारून वहीत लिहीत. एका कंडक्टरने त्यांना सांगितले की अमुक फाट्यावरची एक मुलगी दोन वर्षे रोज पहाटेच्या गाडीने येते आणि शेजारच्या अंध बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडून मग कॉलेजला जाते. सरांनी त्याच कंडक्टरच्या हाती तिला प्रवेश अर्ज पाठवला. ती आली, तिला प्रवेश मिळाला, आणि दुसऱ्या सत्रात लग्न होऊन ती वर्ध्याकडे गेली. वहीतल्या त्या पानावर सरांनी पुढे काही लिहिले नाही.

जून आणि जुलै या दोन महिन्यांत ते कोणाचाही चहा घेत नसत. कॅन्टीनमध्ये कोणाच्या पोराचा बाप चहा सांगून मोकळा होईल याचा भरवसा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतःची पाण्याची बाटली बरोबर असे. एकदा कोणीतरी आंब्यांची पेटी विभागात ठेवून गेले. पेटीवर लिहिलेल्या गावाच्या एसटीत ती परत चढवायला सरांनी शिपायाला बसस्टँडवर पाठवले आणि सोबत चिठ्ठी दिली: ‘आंबे मिळाले. आंबे परत.’ खाली सही आणि शिक्का.

‘हुशार’ हा शब्द त्यांना चालत नसे. कोणी एखाद्या मुलाला हुशार म्हटले की ते विचारत, “हुशार म्हंजे काय? मले माप दाखवा.” ते सगळ्यांशी वऱ्हाडीच बोलत. विद्यापीठाची पाहणी समिती आली तेव्हाही त्यांनी भाषा बदलली नव्हती. समितीतल्या एका सदस्याने अहवालात ‘विभागप्रमुखांची भाषा अनौपचारिक आहे’ असे लिहिले. सरांनी तो अहवाल सूचनाफलकावर लावला.

त्या विभागात वीस जागा होत्या आणि प्रवेश पदवीच्या गुणांवर होत असे. आरक्षण होते, पण प्रत्येक प्रवर्गातही क्रम गुणांनीच लागे. ही पद्धत बदलायची, असे सरांनी एका क्षेत्रकार्यानंतर ठरवले. पांढरकवड्याच्या पुढे एका कोलाम पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, विद्यार्थ्यांना पंधरा दिवस राहायचे होते. यादीत पहिल्या आलेल्या चौघांपैकी तिघे दुसऱ्या दिवशी परतले. एकाने कारण दिले की लोक बोलत नाहीत. यादीतला शेवटचा मुलगा पंधरा दिवस राहिला, आणि नंतर स्वतःच्या खर्चाने आणखी आठ दिवस राहिला. परत आला तेव्हा तो कोलामीत पाणी, चूल, ताप आणि नको हे शब्द म्हणू शकत होता. सर वर्षभर हे चार शब्द सांगत फिरले.

त्याच सुमारास विद्यापीठाचे परिपत्रक आले. पदव्युत्तर विभागांना इच्छा असल्यास प्रयोग म्हणून समग्र मूल्यमापनाने प्रवेश देता येतील, असे त्यात होते. बहुतेक विभागांनी ते फाईलला लावले. सरांनी मात्र महिनाभर बसून नियम लिहिले. परिपत्रकातला शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. ते आपल्या पद्धतीला ‘अख्खा माणूस’ म्हणत. म्हणत, “अर्धा माणूस मार्कलिस्टवर येते. बाकीचा अर्धा कोनी बोलावलाच नाही.”

शंभरपैकी चाळीस पदवीच्या गुणांना. वीस हाताने लिहिलेल्या एका पानाला. वीस मुलाखतीला. वीस एका पत्राला.

पान घरून लिहून आणायचे असे पहिल्या वर्षी ठरले होते. त्या वर्षी निम्म्याहून अधिक अर्जांत पहिले वाक्य एकच होते: मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. बसस्टँडजवळच्या एका नेटकॅफेवाल्याने मजकूर तयार ठेवला होता. सरांनी ते वाक्य आमच्यासमोर एकामागून एक पानांवरून मोठ्याने वाचले. आधी मॅडम हसल्या, मग हसणे थांबले, तरी सर वाचत राहिले. दुसऱ्या वर्षापासून पान वर्गात बसवून लिहून घेतले जाऊ लागले आणि विषयही ठरला: तुम्ही केलेले आणि बिघडलेले एक काम.

मुलाखतीत त्यांचे प्रश्न कोणत्याही पुस्तकातले नसत. गावातली पाण्याची टाकी कुठे गळते. रेशन दुकानासमोर रांग लागते तेव्हा सगळ्यात मागे कोण असते. आणि एक प्रश्न ते सगळ्यांना विचारत: गावातल्या कोणत्या घरी तुम्ही कधीच गेला नाहीत, आणि काहून? या प्रश्नाला अनेक मुले गप्प राहत. सरांना गप्प राहणारे आवडत. जे पटकन म्हणत की आमच्या गावात सगळे मिळून-मिसळून राहतात, त्यांना वीसपैकी पाच.

एका उमेदवाराला त्यांनी पाऊण तास बसवून त्याच्या आजोबांची बैलजोडी, विहीर, आत्याचे सासर असे सगळे विचारले. तो बाहेर गेल्यावर मॅडम म्हणाल्या, “सर, तुम्ही याले प्रवेश देऊन राह्यले का सोयरीक जमवून राह्यले?”

“सोयरीकच हाये, मॅडम,” सर म्हणाले. “दोन वर्षांची.”

उरले पत्र. ते अशा एका माणसाचे हवे होते ज्याने उमेदवाराला काम करताना पाहिले आहे. शिक्षक नको, नातेवाईक नको. हा नियम जिल्ह्यात कोणाला कळला नाही, असे म्हणावे लागेल. पत्र म्हटले की लोकांनी पुढारी गाठले. पहिल्या वर्षी आमदार, सभापती, बाजार समितीचे संचालक अशांच्या लेटरपॅडवर पत्रांचा गठ्ठा जमला. सगळ्यांत ‘सदर विद्यार्थी माझ्या परिचयाचा असून’ एवढेच होते. तेव्हा सरांनी सातवा नियम घातला. कोणत्याही पदाधिकाऱ्याच्या लेटरपॅडवरील पत्रास शून्य गुण. हा नियम अर्जाच्या मागच्या बाजूला छापलेला होता.

दुसऱ्या वर्षी हा नियम चांगला चालला. पत्रे बदलली. कापसाच्या जिनिंगमधल्या फोरमनचे पत्र आले, अंगणवाडीच्या मदतनीस बाईचे आले, एका न्हाव्याचे आले. न्हाव्याने वहीच्या पानावर पेन्सिलने लिहिले होते. सरांनी त्याला वीसपैकी वीस दिले आणि त्याला उत्तरही लिहिले.

तिसऱ्या वर्षी अर्ज क्रमांक सत्तेचाळीस आला. दिग्रसच्या पुढच्या एका बंजारा तांड्यावरची मुलगी. तिचे नाव इथे देत नाही. पदवीला तिला चोपन्न टक्के होते. पानावर तिने हातपंपाबद्दल लिहिले होते. पंप दुरुस्त झाला असे तिने पंचायत समितीला कळवले, आणि कळवण्याआधी तो चालवून पाहिला नाही. मेकॅनिक वायसर न बदलता गेला होता, आणि तक्रार मिटली अशी नोंद असल्यामुळे दुसरा मेकॅनिक यायला अकरा दिवस लागले. पानाला सोळा गुण मिळाले.

मुलाखतीत सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली की ती सगळ्या घरी गेली आहे. सर पाच गुण लिहायला खाली वाकले, तेवढ्यात ती म्हणाली, “एक घर हाये सर. तिथं जाते मी, पन बसत नाही.” काहून, असे सरांनी विचारले. तिने सांगितले नाही. मुलाखतीला सतरा.

पत्र तीन घड्या घालून अर्जाला टाचलेले होते. वरच्या घडीवर जिल्हा परिषद सदस्याचे नाव आणि चिन्ह छापलेले दिसत होते. मॅडमनी ते पाहून सांगितले. सर म्हणाले, “शून्य.” मी शून्य लिहिले. तिघांनी सह्या केल्या आणि अठ्ठेचाळिसावा अर्ज घेतला. पत्राची घडी कोणी उघडली नाही. त्या दिवशी आमच्यासमोर अशी नऊ लेटरपॅडे आली होती.

तिची बेरीज पंचावन्न झाली. तिच्या प्रवर्गातली शेवटची जागा एकसष्टला भरली.

यादी लागल्याच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास ती आली. बरोबर तांड्याचे नाईक होते, सत्तरीचे, पांढरे धोतर आणि पांढरा फेटा. तांड्यावरचे कोणाचेही बाहेरचे काम असले, सोयरीक असो की कचेरी, नाईक बरोबर जातो किंवा त्याचा शब्द जातो. मुलाखतीच्या दिवशीही ते आले होते. पण उमेदवारासोबत कोणालाही आत सोडायचे नाही, असा सरांचाच नियम असल्याने शिपायाने त्यांना पायरीवर बसवले होते. या वेळी सरांनी दोघांना आत घेतले. ज्याला प्रवेश मिळाला नाही त्याने आपले कागद पाहायला मागितले तर ते दाखवायचे, हाही त्यांचाच नियम होता.

नाईकांनी कागद पाहिले नाहीत. त्यांना वाचता येत नव्हते. पोरीत काय कमी पडले, एवढे त्यांनी विचारले. सरांनी रकाने वाचून दाखवले आणि शेवटी म्हणाले की पत्राला शून्य आहेत.

“पत्र वाचलं काय साहेब तुमी?” नाईकांनी विचारले.

“लेटरपॅड पाह्यलं,” सर म्हणाले.

“लेटरपॅड त्याचं हाये. पत्र माह्यं हाये.” नाईक म्हणाले. “मले लिवता येत नाही. मंग मी त्याच्या हापिसात गेलतो. मी सांगत गेलो, त्याचा पोऱ्या टायपत गेला. कोऱ्या कागदाले कचेरीत कोन इचारते, म्हून त्याच्या कागदावर घेतलं.”

लेटरपॅड चालणार नाही, हे अर्जाच्या मागच्या बाजूला छापले आहे, असे मॅडमनी सांगितले. मुलीने पिशवीतून आपली प्रत काढून टेबलावर ठेवली. दिग्रसमध्ये अर्ज संपले होते, तिने झेरॉक्स घेतली होती, आणि झेरॉक्सवाल्याने पुढची बाजूच काढली होती. मागची बाजू कोरी होती.

सरांनी अर्जाची टाचणी काढली आणि पत्र उभ्यानेच वाचले. त्याची प्रत माझ्याकडे आहे. त्यातला मजकूर असा: ‘ही मुलगी दोन वर्षे तांड्यावरच्या हातपंपाची नोंद ठेवते. पंप बंद पडला की स्वतः पंचायत समितीत जाते. मागच्या उन्हाळ्यात टँकर आला तेव्हा पाण्यावरून मारामारी झाली. मग हिने घराघरात माणसे मोजून यादी केली. यादीत आपले घर शेवटी लिहिले. दोन दिवस यांच्या घरापर्यंत पाणी पोचले नाही. हिची याडी, म्हणजे आई, हिच्याशी आठ दिवस बोलली नाही. तरी हिने यादी बदलली नाही. मी नाईक असून माझे घर वर घे म्हणालो, ते पण घेतले नाही.’ खाली जिल्हा परिषद सदस्याची सही, आणि सहीखाली एक ओळ: ‘वरील मजकूर नाईकांनी सांगितला तसा लिहिला आहे.’

सर खुर्चीत बसले. त्यांनी पत्र पुन्हा वाचले. पत्राला सात गुण मिळाले असते तरी तिला प्रवेश मिळाला असता.

नाईक म्हणाले, “हिच्या बापानं एवढंच वर्ष देल्लं साहेब. नंबर लागला तं पोरगी होस्टेलवर. नाही तं दसऱ्यानंतर भावाच्या टोळीसंगं ऊसतोडीले, लेकरं सांभाळाले.”

 सरांनी मुलीला पाणी दिले.

शेवटच्या जागेवर जो मुलगा होता त्याने फी भरली होती आणि जिनिंगमधले काम सोडले होते. त्याला काढण्याचा विषय मॅडमनी काढला. सरांनी तो तिथेच थांबवला. त्या मुलाची काही चूक नव्हती. एकच वाट होती. प्रक्रियेत चूक झाल्याचे तक्रारीवरून सिद्ध झाले तर विद्यापीठाकडे एक वाढीव जागा मागता येत असे, आणि तक्रार यादी लागल्यापासून तीन दिवसांत यावी लागे. तिसरा दिवस तोच होता. सरांनी मुलीपुढे कागद ठेवला. तिने नाईकांकडे पाहिले. नाईकांनी हात जोडले.

“आमी तक्रार नाही करत साहेब. आमी इचाराले आलतो.”

ते एकच्या गाडीने गेले. सरांनी त्यांना थांबवले नाही. साडेचार वाजता त्यांनी स्वतः तक्रार दिली. प्राचार्यांनी त्यांना बोलावून समजावले की विभागप्रमुखाने स्वतःविरुद्ध तक्रार करण्याची तरतूद नाही. सरांनी विचारले की मनाई आहे काय. मनाई नव्हती.

चौकशी समिती ऑगस्टमध्ये दोनदा बसली. दुसऱ्या बैठकीला साक्षीदार म्हणून मी हजर होतो. सरांनी तक्रारदार म्हणून एका खुर्चीवर बसून जबाब दिला. मग ते उठले, टेबलाच्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “आता इकडून इचारा.” समितीतले एक सदस्य हसले. सरांचा चेहरा गंभीर होता. पत्र न वाचता गुण दिले काय, असे विचारले गेले. ते म्हणाले, हो. नियम तुम्हीच केला काय. हो. नियम नसता तर पत्र वाचले असते काय. यावर त्यांनी समोर ठेवलेल्या पत्राची घडी उघडली. मग म्हणाले, “वाचलं असतं. नियम केला तवापासून वाचाचं काम वाचलं, असंच वाटलं मले.”

अहवाल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. तक्रारीत तथ्य असल्याचे त्यात मान्य केले होते. चूक विभागप्रमुखांची असल्याचेही मान्य केले होते. विभागाची मंजूर प्रवेशक्षमता पूर्ण भरलेली असल्याने वाढीव जागेची शिफारस करता येत नाही, असे पुढे होते. शेवटचा परिच्छेद मूल्यमापनाच्या पद्धतीबद्दल होता: ही पद्धत व्यक्तिनिष्ठ असून तीत अशा चुका संभवतात, हे विभागप्रमुखांच्या स्वतःच्या जबाबावरूनच दिसते, सबब पुढील वर्षापासून प्रवेश केवळ पदवीच्या गुणांवर द्यावेत. सरांनी एक पानाचे निवेदन दिले. त्यात त्यांनी लिहिले की चूक वाचले म्हणून झालेली नाही, न वाचल्यामुळे झाली आहे, आणि अहवाल त्यावर आणखी कमी वाचण्याचा उपाय सांगतो. निवेदनावर ‘नोंद घेतली’ असा शेरा आहे.

त्यानंतरच्या रविवारी सर तांड्यावर गेले. मला त्यांनी बरोबर यायला सांगितले, आणि बातमी करायची नाही असेही सांगितले. दिग्रसपर्यंत एसटी, पुढे फाट्यापर्यंत ऑटो आणि मग तीन किलोमीटर पायी.  वाटेत एका ठिकाणी थांबून त्यांनी विचारले की निकाल फोनवर कळवला असता तर चालले असते काय. मी म्हणालो, चालले असते. ते पुढे चालू लागले.

नाईकांच्या ओट्यावर आम्हाला बसवले. तांड्यावरची दहा-बारा माणसे भोवती उभी राहिली. सरांनी अहवाल खिशातून काढून सगळ्यांसमोर वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ‘व्यक्तिनिष्ठ’ म्हणजे काय, असे एकाने विचारले. सर म्हणाले, माणसाने माणसाकडे पाहून ठरवलेले. तो माणूस म्हणाला की मग बाकी कसे ठरवतात. सरांनी अहवालाची घडी घालून तो खिशात ठेवला.

मुलगी भावाच्या दोन लेकरांना घेऊन ओट्याच्या खाली उभी होती. धाकटे कडेवर होते. तिने विचारले, “सर, पुढच्या वर्षी साध्या कागदावर पत्र आणलं तं चालन काय?”

“पुढच्या वर्षी पत्रच नाही,” सर म्हणाले.

“अन् मुलाखत?”

“तेही नाही.”

“मंग काय पाह्यतीन?”

“मार्क.”

ती कडेवरच्या लेकराचे नाक पदराने पुसत होती. “मंग झालं,” ती म्हणाली.

दसऱ्यानंतर टोळी गेली आणि ती बरोबर गेली, असे नाईकांनी सरांना फोनवर कळवले. त्याच महिन्यात सरांनी विभागप्रमुखपद सोडले. पद सोडण्याच्या अर्जात कारणाचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला. ते वर्ग घेत राहिले. कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसत राहिले, पण वही काढताना मी त्यांना पुन्हा पाहिले नाही. नव्या प्रमुखांच्या काळात प्रवेश समिती राहिली नाही, त्यामुळे माझे आणि मॅडमचे तिथले काम संपले. दीड वर्षाने सर नियत वयोमानानुसार निवृत्त झाले. निरोप समारंभ त्यांनी घेऊ दिला नाही.

टोळी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परत आली. नाईकांनी मुलीच्या बापाशी बोलून अर्जापुरती परवानगी मिळवली आणि जूनमध्ये तिने पुन्हा अर्ज केला. यादी लिपिकाने संगणकावरून एका दुपारात काढली आणि जुलैच्या दुसऱ्या सोमवारी फलकावर लावली. तिच्या प्रवर्गाची यादी साठ टक्क्यांवर बंद झाली. तिला चोपन्न टक्के होते.